ज्याने उचलला त्याचा

मेदेयीनच्या विद्यापीठाने मला जागा देऊ केली होती, आणि ती स्वीकारल्याचे कळवण्याची मुदत त्या गुरुवारी संध्याकाळी पाचला संपत होती. चार वर्षांची पदवी. अपघाताच्या जागेपासून इस्पितळाच्या दारापर्यंत माणूस जिवंत कसा न्यायचा, एवढ्याचेच शिक्षण. दुसरा रस्ता जवळचा होता. इथे काली शहरातच, एका बेकरीच्या माडीवर भरणारा अकरा महिन्यांचा वर्ग, आणि प्रमाणपत्र हाती पडताच आर्बेय मामाच्या रुग्णवाहिकेत कायमची जागा. मामाची अट एकच होती: कळवण्याआधी एक दुपार त्याच्याबरोबर गाडीत बसायचे.

"चार वर्षं!" लुलो फळाच्या सरबतातला बर्फ चावत तो म्हणाला. "चार वर्षं माणसं मरायची थांबणारेत का तुझ्यासाठी, यिसेला? तिथं निम्मा वेळ प्लास्टिकच्या बाहुल्यांना श्वास देत बसवतात."

"बाहुल्या निदान शिव्या देत नाहीत, मामा."

"अगं, शिव्या देतो म्हणजे जिवंत आहे. शिव्या बंद झाल्या की घाबरायचं."

पूर्वेच्या शेतांत ऊस पेटवला होता. काळी राख काचेवर उतरत होती. आकाश आपलेच जुने कागद फाडून टाकत असावे तशी. तेवढ्यात रेडिओ खरखरला. पुढच्याच चौकात ट्रकखाली मोटरसायकल. मामाने पेला खिडकीबाहेर भिरकावला.

शेजारच्या गल्लीतून हिरव्या पट्ट्यांची एक रुग्णवाहिका निघाली होती. मामाने गाडी तिच्या अंगावर घातली. पत्र्याने पत्रा खरवडला, आमचा आरसा निखळून गेला, आणि मामा हसला. या रस्त्यांवर जखमीपुरता एकच कायदा चालतो: ज्याने उचलला, त्याचा. विमा पैसे देतो ते इस्पितळात पोचवणाऱ्या गाडीला. आधी पोचून हात लावणाऱ्याला काही नाही.

मोटरसायकलवाला उताणा पडला होता. शिरस्त्राण दूर गडगडत गेले होते. मी मानेचा पट्टा घेऊन गुडघ्यांवर बसले.

"नाव काय तुमचं?"

"एदिल्बेर्तो... नीदियाला सांगा, बायकोला. बिस्किटांच्या कारखान्यात असते." त्याची दहाही बोटे तापलेल्या डांबरावर ओरखडत होती.

"बोटं हलतायत, मामा!" मी ओरडले, घरात मूल जन्मल्याचे सांगावे तशी.

मामाला ऐकू गेले नाही. हिरव्या गाडीतून दोघे उतरले होते. पहिल्याने माझ्या बरगडीत लाथ घातली, आणि मामाने प्राणवायूचे छोटे नळकांडे उचलून त्याच्या जबड्यावर हाणले. दात फुटल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. तो रक्त थुंकत उठला आणि त्याने जॅकची दांडी मामाच्या भुवईवर उतरवली. लोक जमले होते. फळवाला हातगाडीवर चढून ओरडत होता, "कोंबडे सुटले रे! लावा पैजा, म्हाताऱ्यावर लावा!"

एवढ्यात दुसऱ्याने जखमीच्या काखेत हात घालून ओढायला सुरुवात केली.

"पाय धर!" रक्ताने आंधळा झालेला मामा गरजला. "ओढ, पोरी! नेला ना त्यानं!"

आणि मी ओढले. मानेचा पट्टा आधी बाजूला ठेवला, नीट, जपून. मग दोन्ही घोटे धरले, टाचा रोवल्या आणि सगळे वजन मागे टाकले. त्याच्या मानेतून आवाज आला नाही. आला असता तर कदाचित मी थांबले असते. किंकाळी मात्र मध्येच तुटली. समोरच्याचे हात सुटले, तो मागे कोसळला, आणि माणूस आमचा झाला.

पट्टा मी गाडीत लावला. त्याची बोटे उताण्या पडलेल्या किड्यांसारखी उघडी होती. मी पेनाने नख दाबले.

"हलवा ना बोटं."

"हलवतोय की," तो म्हणाला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "हात कधीपासून गेलेत याचे?"

"आम्ही पोचलो तेव्हापासून," भुवईवर बोळा दाबत मामा म्हणाला. "अगदी ओंडका होता, डॉक्टर. विचारा हिला."

"हो," मी म्हणाले.

साडेचारला एक बाई धावत आली; डोक्यावर कारखान्याची टोपी तशीच होती. "कुणी आणलं त्याला?"

मामाने मला पुढे ढकलले. नीदियाने माझे हात धरले आणि त्यांचे मुके घेतले. "देवानं धाडलं गं तुला. दुसऱ्या कुणी आणला असता तर वाटेतच मारला असता."

तिचे ओठ माझ्या तळव्यांवर होते. तिथे त्याच्या मोज्यांची वीण अजून उमटलेली होती.

"मी ओढलं त्यांना," मी म्हणाले. "बोटं हलत होती. सगळी. मी पाय धरून ओढलं, त्या लोकांनी खांदे धरून. पट्टा न लावता. मग बोटं थांबली."

डॉक्टर दारातून मागे वळल्या. नीदिया क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग तिची मूठ माझ्या तोंडावर बसली. दुसऱ्या बाजूने मामाने केस धरले. "माझी गाडी बुडवलीस, रांडे! खाल्ल्या घराचे वासे मोजतेस!" त्याने माझे डोके भिंतीवर आपटले, एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी रखवालदार मध्ये पडला. मामाला बाहेर ओढत नेले तरी तो ओरडतच होता, "आता कोण चढवून घेतं तुला गाडीत, बघतोच!"

डॉक्टर माझ्यापाशी उकिडव्या बसल्या. "झटका कोणत्या दिशेनं बसला? आधी मान कुठं वळलेली होती?" फुटक्या ओठांनी मी सगळे सांगितले. त्यांनी लिहून घेतले, खाली माझी सही घेतली आणि त्या आत धावल्या.

पाचला बारा मिनिटे होती. मी फोन काढला, काचेवरचे रक्त पुसले आणि मेदेयीनला होकार कळवला. माझी सही केलेली कबुली उद्या तिथवर पोचेल, न पोचेल. पोचली तर ते मला काढून टाकतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

नीदिया समोरच्या बाकावर बसून पाहत होती.

"काय केलंस?"

"शिकायला नाव घातलं. याच कामाचं. चार वर्षं."

मुठीवरचे माझे रक्त तिने टोपीला पुसले.

"दर सुट्टीत आमच्या घरी यायचं," ती म्हणाली. "त्याच्यासमोर बसायचं. काय काय शिकवलं ते सगळं त्याला सांगायचं. ओढायचं नसतं, ते कितव्या दिवशी शिकवलं, तेही."

मी मान हलवली.

"लिही," ती म्हणाली, आणि पत्ता सांगू लागली.