वरचा रुपया

ठेकेदाराचा मुकादम खंडेराव पाड्याची वाट चढताना दिसला आणि जिवल्या भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा सोडून घरात पळाला. रचलेला पालापाचोळा तसाच राहिला, काड्यापेटीही शेतातच पडली. कणगीमागे जाऊन तो लपला.

भ्यायला कारण होतं. तारापूरला बिजलीघराचं बांधकाम चाललं होतं. आमच्या पाड्याचे गडी तिथे खडी वाहायला जायचे, दोन रुपये रोज, आठवड्याचे सहा दिवस. माणसं कमी पडायला लागली तसा ठेकेदाराने रोज तीन रुपये केला. वरचा रुपया कुणी मागितला नव्हता, म्हणूनच आम्हाला त्याची भीती वाटली. जिवल्याच्या बापाला सावकाराने असेच आपणहून लग्नाला पैसे दिले होते आणि त्यापायी म्हातारा बायकोसकट अकरा वर्षं त्याच्याकडे राबला होता. मग पाड्याने आपलं शहाणपण चालवलं. चार दिवसांत नेहमीचे बारा रुपये झाले की घरी यायचं. वरचा पैसा अंगावर घ्यायचाच नाही.

जिवल्याची बायको ठमी दारात आडवी उभी राहिली. जिवल्या चिंचणीला गेलाय, असं तिने ठोकून दिलं. खंडेराव घाटावरचा माणूस, वाईट नव्हता. पाणी पिऊन अंगणात बसला आणि म्हणाला, सोमवारी माणसं भरली नाहीत तर मालक मलाच हाकलून देईल. रोज वाढवल्यावर माणसं कमी कशी झाली, हेच त्याला कळत नव्हतं.

ठमीने विचारलंच. "त्यो वरचा रुपया कशाचा? त्याचेपायी आमचे माणसाला किती वर्सं ठेवनार?"

खंडेराव हसला. ती हसत नाही हे बघून म्हणाला, "आगं, कामाचाच हाय त्यो."

"मंग लावनीला घरी सोडाल?"

खंडेरावाने मान खाली घातली. "त्ये मालकाला इचारावं लागंल."

कणगीमागे जिवल्याने ते ऐकलं आणि तोंडात फडकं कोंबलं.

ठेकेदाराने लावणीचं काही ऐकूनच घेतलं नाही. चार पैसे जास्त मिळाले की ही माणसं आळशी होतात, असं म्हणून त्याने रोज पुन्हा दोन रुपयांवर आणला.

त्या सोमवारी सगळ्यांच्या पुढे जिवल्या चालला होता. सहाही दिवस तो एकदाही न बसता राबला. शनिवारी ठमीच्या हातावर बारा रुपये ठेवले, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं.

"सुटलो," तो म्हणाला.