वरचा मजला

स्थापना. महाविद्यालयाचं ग्रंथालय जिन्याखालच्या खोलीत सुरू झालं. मालवीय नगरात तेव्हा इतके क्लासेस नव्हते.

(मधुमती थांबली. उद्या तपासणी समिती येणार, ग्रंथपाल म्हणून ग्रंथालयाचा इतिहास तिनेच लिहायचा. भिंतीत काहीतरी चुरचुरलं. तिने लिहीत राहायचं ठरवलं.)

वाढ. बदली झालेली कुटुंबं ट्रकमध्ये न मावणारी पुस्तकं इथे सोडून जातात. बँकवाले, विमावाले, रेल्वेवाले. आपण कुणालाच नाही म्हटलं नाही. रद्दी कधी काढली नाही. मजला चढवला.

जतन. यंदा वरच्या हॉलच्या भिंतींना वाळवी लागली. ग्रंथपालांनी सगळी लोखंडी कपाटं ओढून हॉलच्या मधोमध, पाठीला पाठ लावून उभी केली. एकही पुस्तक—

फोन. तिची मुलगी तनया, खालच्या वाचनकक्षातून.

"आई, दार अडकलंय. मतलब, उघडतच नाहीये."

"ढकला ना सगळ्यांनी."

"ढकललं! चौकटच वाकडी झालीय. आणि पंख्याभोवतीचा चुना पडतोय, मयूरीच्या डब्यात पडला."

भिंतींपाशी आधार होता. मधोमध नुसता स्लॅब. वाळवीपासून वाचवलेलं सगळं ओझं मधुमतीने मुलांच्या डोक्यावर नेऊन ठेवलं होतं.

तिने प्राचार्यांना फोन लावला.

"घबराइए मत, मधुमतीजी. हॉस्टल के लड़के भेजता हूँ, अलमारियाँ किनारे करवा लीजिए."

"नहीं सर, ऊपर कोई—"

फोन बंद.

ती धावली. हॉस्टेलची मुलं आलीच होती, वीसेक तरी, धडधाकट, हसत. ती जिन्यात हात पसरून उभी राहिली.

"हटिए मॅडम, दो मिनट का काम है."

"ऊपर कोई नहीं जाएगा."

"अरे, इनको किताबों की पड़ी है! मॅडम, एक पन्ना नहीं फटेगा, कसम से."

"भाड़ में गईं किताबें! नीचे बच्चे हैं, छत बैठ जाएगी. खिड़की के गज तोड़ो!"

हसणं थांबलं. मुलं मागे वळली.

सद्यस्थिती. तीन गज वाकले आहेत. एकेक जण आडवा होऊन बाहेर येतो आहे. तनया आत उभी राहून दुसऱ्यांना वर उचलते आहे.

"तनया, आधी तू ये!"

"थांब ना आई, मयूरी अडकलीय."

वरच्या हॉलमध्ये कुणी नाही. तिथे कपाटांची दारं उघडू लागली आहेत, एकामागून एक, सगळी एकाच बाजूला, जिकडे फरशी कलते आहे.