तीन सावल्या आणि एक खुर्ची

रोक्कीनाने व्हेनिसला येताना तीन गोष्टी बरोबर आणल्या होत्या. घरच्या भट्टीतला दोन किलोचा पाव, तळून पापडासारख्या कुरकुरीत केलेल्या लाल मिरच्यांची पिशवी, आणि एक दिलेला शब्द.

शब्द दिला होता सिन्योरा आल्बाला, फोनवर, तीन वर्षांपूर्वी. रोक्कीनाची एकुलती लेक दोनाता शिकायला या पाण्यातल्या शहरात आली आणि दुसऱ्याच महिन्यात तापाने फणफणली. दक्षिणेतलं टेकडीवरचं गाव कुठे, हे शहर कुठे. आई निघून पोचेपर्यंत ताप उतरला असता नाहीतर पोर गेली असती. तेव्हा घरमालकीण आल्बाने नऊ दिवस तिला कोंबडीचं सार पाजलं, ओल्या फडक्याने कपाळ पुसलं, आणि पुढे दर रविवारी आपल्या मेजावर तिचं ताट मांडलं. खोलीचं भाडं ती घेत होती. ताटाचं नाव कधी काढलं नाही. रोक्कीना फोनवर रडली होती आणि म्हणाली होती, "मी येईन ना, तेव्हा तुम्हाला बसवून जेवू घालीन, सिन्योरा. चांगल्या ठिकाणी. पांढऱ्या चादरीच्या मेजावर. बसवून."

त्या 'बसवून'वर तिचा सगळा जोर होता. गावच्या शाळेत ती बावीस वर्षं स्वयंपाकीण. एखादं पोर वाटी घेऊन उभ्यानेच खाऊ लागलं की ती डाव उगारायची, "बस आधी! उभ्याने घोडी खातात." पाहुण्याला उभ्याने खायला देणं म्हणजे दारातून वाटेला लावणं, हे तिच्या गावात कुणी कुणाला शिकवत नाही, ते दुधाबरोबर येतं.

आज दोनाताला पदवी मिळाली. मैत्रिणींनी तिच्या डोक्यावर पानांचा मुकुट चढवला, लाल फीत बांधली, आरडाओरडा करून गाणी म्हटली. रोक्कीनाने मुकुटाचं एक पान चिमटीत धरून वास घेतला.

"अगं, ही तर मसुराच्या आमटीत घालायची पानं."

"आई!"

"नाही, चांगली आहेत. टाकू नकोस. घरी नेऊ."

मुकुट तसाच डोक्यावर, फडक्यात गुंडाळलेला पाव आणि मिरच्या रोक्कीनाच्या खांद्यावरच्या पिशवीत, आणि तिघी निघाल्या. रोक्कीनाने ठिकाण सकाळीच हेरून ठेवलं होतं. मोठ्या कालव्याच्या काठावर, पांढऱ्या चादरी, प्रत्येक मेजावर एक फूल. तिने पदराखालचा दिवा जपावा तशी पर्स छातीशी धरली होती. आत पाकीट होतं. वर्षभर शनिवारी-रविवारी लोकांच्या लग्नांसाठी पाव भाजून भरलेलं.

दारात खाण्याच्या यादीची पाटी होती. आल्बाने चष्मा नाकावर सरकवला. सत्तरीची बाई, बुटकी, काठीसारखी सरळ, आवाज मात्र मासळीबाजारातला. तिने यादी वरून खालपर्यंत वाचली, मग खालून वरपर्यंत.

"इथे?" ती म्हणाली. "अगं, या किमतीत मासा स्वतः गाणं म्हणत ताटात आला पाहिजे."

"सिन्योरा, आज पैशाचं बोलायचं नाही. आज माझं ऐकायचं," रोक्कीना म्हणाली.

"आणि खाली बारीक अक्षरात बघ. नुसतं बसायचे वेगळे. पाव न खाल्ला तरी पावाचे. माझा जन्म इथला, रोक्कीना. आमच्यातलं कुणी इथे जेवायला बसलं तर गल्ली विचारेल, हिला काय लॉटरी लागली की हिचं डोकं फिरलं? चल. ऊन वर आलंय. एकेक सावली घेऊ."

रोक्कीनाने वर पाहिलं. मार्चचं ऊन, पाण्यावरून सुरीसारखा वारा.

"सावली कशाला? मला तर थंडी वाजतेय," ती म्हणाली. "बसायचंच तर उन्हात बसू."

दोनाता हसून हसून वाकली. मुकुट कानावर आला. "आई, सावली म्हणजे वाईन! छोटा पेला. इथे तसंच म्हणतात."

"वाईनला सावली?"

"पूर्वी वाईनवाले घंटाघराच्या सावलीत गाडा लावायचे म्हणे. सावली सरकली की गाडा सरकायचा. लोक म्हणायचे, चल सावलीत जाऊ. मग गाडे गेले, नाव राहिलं."

"आमच्याकडे वाईनला वाईन म्हणतात," रोक्कीना पुटपुटली. पण तोवर आल्बा वळून चालू लागली होती, आणि पाहुणी एकीकडे चालली असताना यजमानीण दुसरीकडे कशी जाणार?

कालवा ओलांडायला होडी होती, दोन वल्हेवाल्यांची. सगळे आत शिरले आणि उभेच राहिले. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र, जणू पायाखाली फरशी. रोक्कीना फळीवर बसली आणि तिला एकदम लोकांचे गुडघेच गुडघे दिसू लागले. या गावाला बसायचं माहीतच नाही की काय, तिच्या मनात आलं. अगदी समोर आल्बाचे गुडघे होते. डावा जाड मोज्याखालीही सुजलेला दिसत होता. होडी हेलकावली तेव्हा तो किंचित थरथरला, आणि आल्बाने ओठ घट्ट मिटले.

रोक्कीनाने ते पाहिलं.

पहिलं दुकान एवढंसं होतं की आत दहा माणसं आणि अकराव्याचं कोपर. अशा दुकानाला तिथले लोक बाकारो म्हणतात. काचेच्या कपाटात ताटंच्या ताटं: पावाच्या चकतीवर घोटून लोण्यासारखा पांढरा केलेला सुका मासा, उकडलेल्या अंड्याच्या अर्ध्या फोडीवर खारवलेल्या मासळीची पट्टी, कांदा-व्हिनेगरात मुरवलेली तारली, गोल गोल तळलेले खिम्याचे वडे. एकेक घास, एकेक काडी टोचलेली. खुर्ची एकही नाही.

"आल्बा!" गल्ल्यामागचा टकलू माणूस ओरडला. "अजून जिवंत?"

"तुझी वाईन पिऊनसुद्धा, ओरेस्ते. बघ, ही आमची पोर. आज डॉक्टरीणबाई झाली." तिकडे पदवी घेतलेल्या प्रत्येकाला डॉक्टर म्हणतात. सगळं दुकान 'डॉक्टरीणबाई, डॉक्टरीणबाई' करू लागलं. अनोळखी माणसांनी दोनाताचे गाल ओढले. तिघींच्या हाती पेले आले, पुढ्यात बशी आली. आल्बाने हाताचं कोपर गल्ल्यावर टेकलं आणि खाऊ लागली.

रोक्कीनाने एक घास घेतला. चांगला होता, आणि त्याचाच राग आला. उभ्या उभ्या, पर्स काखेत, कोट अंगात, आणि घास चांगला! तिने पाकिटाला हात घातला तेवढ्यात आल्बा ओरेस्तेला म्हणाली, "सहा मासे, तीन अंडी, तीन सावल्या," आणि नोटा गल्ल्यावर ठेवून मोकळी झाली.

"सिन्योरा!" रोक्कीनाने त्या नोटांवर झडप घातली. "तुम्ही नाही! ओरेस्तेसाहेब, यांचे घेऊ नका!"

"घेतले," ओरेस्ते म्हणाला.

"परत द्या!"

"बाई, गेली चाळीस वर्षं मी या बाईला घाबरतो. तुम्हाला आत्ता पाच मिनिटं ओळखतो. तुम्हीच सांगा, कुणाचं ऐकू?"

दुकान हसलं. रोक्कीना हसली नाही. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती बाहेर पडली आणि पुलाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणू लागली. मन फार भरून आलं की ती पीठ मळतानाचं गाणं म्हणते, हे दोनाताला माहीत होतं.

*पीठ मळिते मी बाई, मूठ माझी गं एवढी*
*लेक मोजिते दारात, कडी उंच गं जेवढी*

"आई."

"एक गोष्ट करायला आले होते मी," रोक्कीना पाण्याकडे बघत म्हणाली. "एक. रात्रभर बसमध्ये बसून. त्या बाईने तुला नऊ दिवस मांडीवर घेतलं, आणि मी काय केलं? तिच्याच पैशाने तिच्याच गावात उभ्याने खाल्लं. घोडीसारखं. तुझ्या बाबांना काय सांगू?"

"आई, इथली रीत वेगळी आहे. इथे फेरी असते. एका दुकानात एकजण पैसे देतो, मग चालत दुसऱ्या दुकानात जायचं, तिथे दुसरा देतो. सगळे एकदम एकानेच दिले तर बाकीच्यांना वाटतं, आपल्याला भिकारी समजला."

"हे मला आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कुठे? तू तर चादरी बघत होतीस."

मागून काठीसारखी सरळ चालत आल्बा आली. "भांडण झालं की नाही? झालं असेल तर चला. पहिली फेरी माझी, कारण गाव माझं. दुसरी तुझी, रोक्कीना. आणि मी पोटभर खाणार आहे, सांगून ठेवते. सकाळपासून त्यासाठीच उपाशी आहे."

रोक्कीनाने डोळे कोटाच्या बाहीला पुसले. "पोटभर?"

"तुझं पाकीट रडेपर्यंत."

दुसरं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. एक नवराबायको चालवत. दाराशी एक पिंप, त्यावर फळी, तेच मेज. रोक्कीना आत शिरली ती शाळेच्या स्वयंपाकघरात शिरावी तशी. काचेपुढे उभी राहून बोट दाखवत गेली: हे, हे, ते चार, आणि वडे किती ताजे आहेत? आत्ताचे? मग तेही. पांढऱ्या माशापाशी ती थांबली.

"हा सुकवलेला मासा ना? आमच्याकडेही करतात. पण यावर लाल काही नाही?"

"लाल?" दुकानदारीण ब्रुनेत्ता म्हणाली.

रोक्कीनाने पिशवीतून मिरच्या काढल्या. तळहातावर एक चुरली. करकर असा आवाज झाला. चुरा पांढऱ्या माशावर पेरला आणि बशी आधी ब्रुनेत्तापुढे केली. ब्रुनेत्ताने सावधपणे चावली, डोळे मिटले आणि जबडा हलवत राहिली.

"तिखट नाही!"

"गोड असतात. छपरावर वाळवतो."

"ए, इकडे ये," ब्रुनेत्ताने नवऱ्याला हाक मारली. "खाऊन बघ. आणि तोंड उघडण्याआधी सांगते, तुझ्या आईच्या हातापेक्षा चांगलं आहे."

आल्बा तोवर फळीला टेकून उभी होती. खात होती, हसत होती, पण सगळा भार उजव्या पायावर. मधेच ती डावी टाच वर उचलायची आणि परत टेकवायची, पाण्यातला बगळा करतो तशी. जन्मभर या दुकानांत उभ्याने खाल्लेली बाई. गुडघा दुखतो म्हणणार कशी?

रोक्कीना गल्ल्याच्या कडेने आत वाकली. आत भिंतीला लावून वेताची एक खुर्ची होती, उशी फाटलेली.

"ती खुर्ची कुणाची?" तिने हळूच विचारलं.

"माझी," ब्रुनेत्ता म्हणाली. "दुपारी गर्दी ओसरली की बटाटे सोलते तिच्यावर."

"अर्धा तास द्याल? जे पडतील ते पैसे..."

ब्रुनेत्ताने दाराकडे पाहिलं, आल्बाच्या टाचेकडे पाहिलं. "बसायचे पैसे गिऱ्हाइकाच्या खुर्चीला असतात, बाई. ही बटाट्यांची खुर्ची आहे."

रोक्कीनाने खुर्ची दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणली आणि पिंपापाशी ठेवली. मग तिने पावाला गुंडाळलेलं फडकं सोडलं. घरचं फडकं, पांढरं, कडेला निळी रेघ. ते झटकून पिंपावरच्या फळीवर अंथरलं, चारी कोपरे सारखे केले, त्यावर बशी मांडली, बशीशेजारी पावाची जाड चकती.

"बसा," ती म्हणाली.

आल्बाने आजूबाजूला पाहिलं. गल्लीतले दोघंतिघं बघत होते. "अगं वेडी का तू? लोक म्हणतील, आल्बा म्हातारी झाली."

"म्हणू देत. म्हणावं, पाहुणी आहे."

"मी पाहुणी? माझ्याच गल्लीत?"

"आत्ता ही फेरी माझी आहे," रोक्कीना म्हणाली. "माझ्या फेरीत माझी रीत. बसा."

आल्बा बसली. बसताना गुडघा वाजला, आणि तिच्या तोंडून निघालेला सुस्कारा इतका लांब होता की तो किती दिवसांचा होता ते तिघींनाही कळलं. रोक्कीना तिच्या बाजूला उभी राहिली. बशीतला घास संपला की दुसरा ठेवी, पेला उणा झाला की भरून आणी, पावावर मिरची चुरी. जसं ती साठ पोरांच्या मेजांमधून फिरते तसंच.

"तू खा ना," आल्बा म्हणाली.

"खाईन. आधी तुम्ही."

आल्बाने खरंच पोटभर खाल्लं. शेवटी पावाच्या तुकड्याने बशी पुसली, तो तुकडाही खाल्ला आणि फडक्याच्या निळ्या रेघेवरून बोट फिरवत म्हणाली, "दर रविवारी ही पोर माझ्याकडे अशीच बशी पुसायची. मला वाटायचं, कुठून शिकली."

रोक्कीनाने ब्रुनेत्ताला पैसे दिले, अगदी ताठ मानेने. पाकीट रडलं नाही. बरंच शिल्लक राहिलं. उरलेल्या मिरच्यांची निम्मी पिशवी तिने गल्ल्यावर ठेवली. खुर्ची जागेवर नेली, फडक्याची घडी केली.

तिसरं दुकान पुलापलीकडे होतं. आल्बा आता दोनाताच्या दंडाला धरून चालत होती, आणि धरलं आहे हे लपवत नव्हती. आत पुन्हा तीच गर्दी, तीच कोपरं. दोनाता पुढे झाली. मुकुटाची दोनतीन पानं एव्हाना गळली होती.

"तीन सावल्या," ती म्हणाली. "आणि तीन वडे."

रोक्कीनाचा हात सवयीने पर्समध्ये गेला. तापात, थंडीत, बुटात, वह्यांत, बसच्या तिकिटात, चोवीस वर्षं या पोरीच्या बाबतीत तो हात असाच आत जात आला होता, न सांगता.

"आई. ही फेरी माझी आहे."

"तुझ्याकडे कुठून आले पैसे?"

"लहान मुलांच्या शिकवण्या घेते. तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," रोक्कीना म्हणाली. हात तसाच पर्समध्ये राहिला.

"बाहेर काढ तो हात, बाई," आल्बा म्हणाली. "मी तुझ्या फेरीत बसले की नाही?"

रोक्कीनाने हात बाहेर काढला. रिकामा हात ठेवायचा कुठे हे तिला सुचेना. कोटावर ठेवला, गल्ल्यावर ठेवला, परत उचलला. तेवढ्यात दोनाताने पैसे दिले, वळली, आणि आईच्या त्या मोकळ्या हातात भरलेला पेला ठेवला.

रोक्कीनाने उभ्यानेच एक घोट घेतला.