बाळंतिणीचा टब

लाँड्रीचं शटर वर गेलं की सासऱ्यांचं तोंड सुरू व्हायचं. त्या सकाळी गिऱ्हाईकही तसंच बोलघेवडं मिळालं. "धाकट्या सुनेला मुलगी झाली म्हणे?" असं त्यानं विचारायचा अवकाश, सासरे काउंटरवर रेलले.

"झाली की! आणि आज सूनबाई कामावर. आमच्या घरात बाळंतीण लोळत पडत नाही, साहेब. दुपारी तिचा टब आहे."

आत इस्त्रीच्या टेबलाशी थोरली सून उभी होती. तिचा हात थांबला. उशीचा अभ्रा करपता करपता वाचला.

आता हा टब काय, ते सांगायला हवं. हॉटेलांच्या चादरी मशिनीतून निघाल्या की टबात भरायच्या आणि मागच्या अंगणात तारांवर वाळत घालायच्या. ओल्या चादरींचं वजन ज्यानं उचललंय त्यालाच ठाऊक. या घरची रीत अशी, की बाळंतपणानंतर कामावर येणाऱ्या सुनेनं पहिला टब एकटीनं उचलून अंगणात न्यायचा. घरदार बघायला उभं राहायचं, सासरे टाळ्या वाजवून "कणखर!" म्हणायचे, आणि सून कामाला लागली असं ठरायचं. ही रीत सासऱ्यांच्या आईनं घातली म्हणतात. त्या माउलीला जाब विचारायची आता सोय नाही.

थोरलीनंही तो उचलला होता. तिचा मुलगा तेव्हा अंगावर पीत होता, आता शाळेत जातो. टाळ्या वाजत असतानाच पोटाखाली काहीतरी निसटल्यासारखं झालं. मग जडपणा आला, आणि एके दिवशी न्हाणीघरात हाताला काहीतरी मऊ लागलं. पोरीच्या तोंडचं पाणीच पळालं. बायका याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात, तेही कुजबुजत.

तिला आई नव्हती. सासूला ती आई म्हणायची आणि मनापासून म्हणायची, कारण सासूही तशीच होती. जेवताना तिच्या ताटात आधी वाढणारी, नवरा चढ्या आवाजात बोलला तर मध्ये पडणारी. थोरलीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडत रडत सगळं सांगितलं. सासू म्हणाली, "तू नको जाऊस दवाखान्यात, लाजशील. मी विचारून येते." आली, आणि म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं. आपोआप वर जातं. पण कुणाजवळ बोलू नकोस हं. नवऱ्याजवळ तर नकोच, मन उडतं त्यांचं."

थोरलीनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? आपोआप वर जाण्याची वाट बघत वर्षं गेली. ती मोठ्यानं हसेनाशी झाली, कारण हसलं की कपडे ओले व्हायचे. नवऱ्याकडे पाठ करून झोपायची, आणि तो बिचारा समजायचा की आपलंच काहीतरी चुकलं. बोलणं कमी झालं, चिडचिड वाढली. हे सगळं तिनं गिळलं, कारण आईंनी सांगितलं होतं.

त्या सकाळी धाकटीच्या बाळाला लस द्यायची होती, म्हणून दोघी जावा दवाखान्यात गेल्या. धाकटी बाळाला घेऊन नर्सकडे गेली. थोरली बाकावर एका अंगावर कलून बसली. डॉक्टरीणबाई समोरून जाता जाता थांबल्या.

"अशी का बसलीयस? दुखतंय का काही?"

थोरली कसनुसं हसली. "ते जुनंच आहे, बाई. तुम्हीच तर आमच्या आईंना सांगितलं होतंत."

"काय सांगितलं होतं?"

थोरलीनं हळूच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला आत नेलं, तपासलं आणि हात धुऊन समोर बसल्या.

"तुझ्या सासूबाई माझ्याकडे आल्याच नव्हत्या. आणि आल्या असत्या, तर मी असं कधीच सांगितलं नसतं. गर्भाशय खाली सरकलंय तुझं. तेव्हाच आली असतीस, तर विश्रांती आणि व्यायामानं पुष्कळ भागलं असतं. आता उद्या ये, आतून आधाराला रिंग बसवते. पुढे कदाचित ऑपरेशन लागेल. पण घाबरू नकोस, यावर उपाय आहे."

उपाय आहे! थोरलीला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, आल्याच नव्हत्या. ती उठली, परत बसली.

"आणि बाई, माझी जाऊ? तिला आज टब उचलायचाय."

"वेड लागलंय का तुम्हाला? अजिबात नाही!"

दुपारी सासू आणि थोरली चादरींच्या घड्या घालत होत्या. या कामाला दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, झटकायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. सासू जवळ आली तेव्हा थोरलीनं टोकं सोडलीच नाहीत.

"आई, तुम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेला होतात का?"

सासूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "दारापर्यंत गेले होते."

"मग?"

"मग काय! आत जाऊन काय बोलणार होते? त्यांनी मला तपासलं असतं तर?" तिनं आवाज खाली आणला. "मलाही तेच आहे, बाई. तुझ्या नवऱ्याच्या वेळी टब उचलला तेव्हापासूनचं. फडकं बांधून दिवस काढतेय."

थोरलीला आधी दया आली, खोटं कशाला बोला. पण तिच्या पाठोपाठ संताप आला.

"म्हणजे टबानं काय होतं ते तुम्हाला माहीत होतं! आणि तरी तुम्ही मला उचलू दिलात? तिथं उभ्या राहून टाळ्या वाजवल्यात?"

"मला कुणी अडवलं होतं का?" सासू फटकन बोलून गेली, आणि बोलून गेल्यावर तिची तिलाच लाज वाटली असावी. तिनं चादर ओढून घेतली. "जे झालं ते झालं. घराबाहेर जाऊ देऊ नकोस."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वैऱ्यानं केलं असतं तर थोरली भांडली असती. इथं तर जिच्या कुशीत रडायचं, तिनंच केलं होतं.

तेवढ्यात अंगणातून सासऱ्यांची हाक आली. टब भरून तयार होता. दोन्ही मुलगे दाराशी येऊन उभे होते. धाकटी हसत हसत बाह्या सरसावून वाकली, आणि थोरलीनं टबावर हात ठेवला.

"नाही उचलायचा."

"का गं?" सासरे म्हणाले. "तुला जमलं ते हिला जमणार नाही होय?"

"मला नाही जमलं, बाबा. माझं अंग बाहेर आलंय. टब उचलला त्या दिवसापासून."

असा शब्द त्या अंगणात पुरुषांच्या कानावर कधी पडला नव्हता. धाकट्या मुलानं मान खाली घातली. थोरलीचा नवरा तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांच्या पाठमोऱ्या झोपेचा अर्थ त्याला तेव्हा लागला.

सासरे बायकोकडे वळले. "काय बोलतेय ही? असं होतं का कधी? तूही उचललासच की! तुला झालंय का काही?"

थोरलीनं सासूकडे पाहिलं. म्हणा. एकदा हो म्हणा, मी सगळं विसरते.

सासू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "मला नाही बाई माहीत. आम्हाला असलं काही झालं नाही."

थोरलीच्या तोंडाशी शब्द आले होते. तिनं ते परत फिरवले. ज्या बाईनं तिला दोनदा फसवलं, तिची अब्रू तिनं चारचौघांत काढली नाही. पण टबावरचा हातही काढला नाही. धाकटीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि ताठ उभी राहिली.

"ताई नको म्हणतात ना? मग मी नाही उचलत."

"अरे वा!" सासरे भडकले. "मग या चादरी वाळत घालणार कोण?"

"ज्यांना अंग बाहेर यायची भीती नाही, त्यांनी घालाव्यात," थोरली म्हणाली.

शेवटी थोरलीचा नवरा पुढे झाला. त्यानं एक कडी धरली, भावाला दुसरी धरायला सांगितली. दोघं धडधाकट पुरुष टब उचलताना कण्हले. कणखर म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

संध्याकाळी थोरली इस्त्री करत असताना सासू येऊन शेजारी उभी राहिली.

"उद्या जाणार आहेस ना तिकडे? मला नेशील सोबत?"

थोरलीला लगेच हो म्हणवेना. आतून इतकं काही तुटलं होतं की ते एका वाक्यानं जोडलं जाणार नव्हतं. तिनं बाहीची घडी नीट केली आणि वर न बघता म्हणाली, "चला. पण आत गेल्यावर तुमच्या तोंडानं सांगायचं. यापुढे या घरात एकीचं दुखणं दुसरी सांगणार नाही, आणि लपवणारही नाही."