जाड पुस्तक, बारीक पुस्तक

वाचनालयाचा वर्धापनदिन जवळ आला, तेव्हा अध्यक्षांनी ग्रंथपाल सत्यशीलाच्या टेबलावर दोन नवी पुस्तकं ठेवली. दोन्ही मराठीत, पण इंग्रजी पॉप आणि रॉक गाण्यांवरची. एक जाडजूड, एक बारीक.

"दोन्हीची तुलना करून बोला थोडं. वणीत हा विषय दुसरं कोण बोलन? तुमच्या घरातच गाणारा हाये."

सत्यशीला बरं म्हणाली. पण तिच्या घरात गाणं बंद होऊन बराच काळ लोटला होता.

भीमराज, तिचा नवरा, तालरंग ऑर्केस्ट्राचा मुख्य गायक होता. कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या साहेबांना इंग्रजी गाणी लागत, म्हणून त्यानं कॅसेट ऐकून ऐकून ती घोटली होती. अर्थ अर्धामुर्धाच कळे, पण वरच्या पट्टीत त्याचा आवाज चढला की लोक जेवणाची ताटं हातात धरून उभे राहत. मग कापसाचे भाव पडले. एक हंगाम गेला, दुसराही तसाच गेला. गावोगावची लग्नं अंगणातच उरकू लागली आणि ऑर्केस्ट्राला कुणी बोलावेना. ड्रम वाजवणारा फुलसिंग कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. तशात भीमराजचा घसा धरला, तो कॅन्सर निघाला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्यावरच्या भोकातून श्वास चाले. त्यावर तो रुमाल बांधी आणि बोलायचं ते पाटीवर लिही. रेडिओ त्यानं स्वतःच्या हातानं शेजाऱ्याला देऊन टाकला. फुलसिंग भेटायला आला की तो मागच्या दारानं निघून जाई.

म्हणून सत्यशीलानं पुस्तकं धान्याच्या कोठीमागे ठेवली आणि स्वयंपाक करता करता वाचली. पण रविवारी ती बाजारातून आली, तर भीमराज खाटेवर जाड पुस्तक उघडून बसलेला.

त्यानं पाटी पुढे केली. 'हे चांगलं.'

"काहून?"

'गाणाऱ्यासंग वाजवणाऱ्याईचीबी नावं हायेत. ड्रमवाला कोण, गिटारवाला कोण. आपल्या ऑर्केस्ट्राच्या बोर्डावर फुलसिंगचं नाव कधीच नोयतं.'

"अन् बारीक?"

त्यानं एकच शब्द लिहिला. 'रडकं.'

"मले तं तेच आवडलं," सत्यशीला म्हणाली. "जाड पुस्तकात गाण्याची माहिती हाये. ह्याच्यात गाणारा माणूस दिसते."

भीमराजनं पाटी पुसली आणि भिंतीकडे तोंड केलं.

कार्यक्रमाला तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. आला, मागच्या बाकावर बसला. फुलसिंगही ट्रक रस्त्याकडेला लावून आला होता. सत्यशीला आधी जाड पुस्तकावर बोलली. मागं उभं राहून वाजवणाऱ्यांची आठवण त्या लेखकानं ठेवली, हे माझ्या मालकांनी दाखवलं, असं तिनं सांगितलं. मग बारीक पुस्तकातला एक उतारा वाचला. त्यात एका गायिकेच्या शेवटच्या ओळीचं वर्णन होतं. ओळ लांब, श्वास संपत आलेला, आणि तरी ती सूर सोडत नाही.

बाक वाजला. भीमराज उठून बाहेर चालला होता. त्याच्यामागे फुलसिंगही गेला. सत्यशीलाची नजर दाराकडे गेली, पण लोक ऐकत होते. तिनं कसंबसं भाषण पुरं केलं आणि तशीच बाहेर धावली.

दोघं ट्रकपाशी उभे होते.

"आवाज तुहा गेला, भीमा. मी तं जित्ता हाओ ना!" फुलसिंग म्हणत होता. "मले पाहून काहून पळतं? मी काय केलं तुहं?"

पाटी घरी राहिली होती. भीमराजनं इकडंतिकडं पाहिलं आणि ट्रकच्या बॉनेटवर साचलेल्या कोळशाच्या धुळीत बोटानं लिहिलं, 'तू दिसला का डोक्यात गाणं सुरू होते. मंग थांबत नाई.'

फुलसिंगनं ते वाचलं. त्यानं भीमराजचा काळा झालेला हात आपल्या गमछ्यानं पुसला, एकेक बोट धरून, आणि बराच वेळ तो हात हातातच ठेवला. भीमराजनंही सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर भीमराजनं पाटी घेतली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. 'बारीक पुस्तक रडकं नाई. माह्याच्यानं वाचल्या जात नोयतं. तू वाच.'

सत्यशीला चुलीपुढं बसली आणि तोच उतारा मोठ्यानं वाचू लागली. शेवटच्या ओळीशी आली तेव्हा भीमराजनं हात वर केला. ती थांबली. त्याच्या गळ्यावरचा रुमाल जोरात हलत होता. डोळे भरून आले होते, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. ती जवळ जायला उठली, तर त्यानं मानेनंच नको म्हटलं आणि पुढं वाच अशी खूण केली.

तिनं पान उलटलं आणि पुढं वाचू लागली.