चौथी वायर

तीन कीबोर्ड खाली उतरवून बांधायला गौरजाला अख्खी सकाळ पुरली नाही. काम तसं फार नव्हतं. पण मध्येच दिवूला भूक लागायची, मध्येच ती रांगत पसार व्हायची, आणि एकदा तर अडॅप्टरची पिन तिच्या तोंडातून काढावी लागली. सव्वा वर्षाचं पोर घरात असलं की कुठलंच काम सरळ शेवटाला जात नाही. त्यात रात्रीची झोप झालेली नाही. ती दिवू जन्मल्यापासूनच झालेली नव्हती.

मिठबावच्या त्या घरात माजघराचा एक कोपरा या पसाऱ्याने कायमचा अडवलेला. दोन मजली स्टँड. खाली मोठा कीबोर्ड, पियानोसारख्या जड पट्ट्यांचा, कॉलेजात युवा महोत्सवाच्या नादात घेतलेला. वर बासरी, सनई, व्हायोलिन असले आवाज देणारा. आणि बाजूला स्टुलावर छोटा सिंथ. त्याला फार काही येत नाही, पण एकच सूर असा लांब धरतो की ऐकत राहावं. त्याला ‘होल्ड’चं बटण आहे. ते दाबलं की पट्टीवरून हात काढला तरी सूर चालूच. पेटीचा भाता थांबला की सूर मेला. याचं तसं नाही. घरी वाजवताना गौरजा कितीदा तो सूर तसाच सोडून दुधाखालचा गॅस बंद करून आलेली.

तिन्हींच्या वायरी जायच्या मिक्सरमध्ये, सगळे आवाज एकत्र करणाऱ्या डब्यात. मिक्सर आणलाय म्हटल्यावर तिच्या सासूबाई, सावित्रीबाई, पहिल्या दिवशी खोबरं खवून घेऊन आल्या होत्या. ती गंमत मग वाडीभर झाली. समुद्राच्या खाऱ्या हवेने वायरींची टोकं काळी पडतात, ती खोडरबराने घासायची. कुठली वायर कुठल्या कीबोर्डची हे चुकू नये म्हणून गौरजाने टोकांना नेलपॉलिशचे ठिपके दिलेले: मोठ्याला लाल, वरच्याला गुलाबी, छोट्याला गडद जांभळा.

चौथ्या वायरीला ठिपका नव्हता. ती कधी चुकण्यातलीच नव्हती. तिच्या दुसऱ्या टोकाला बॅटरीवरचा एक छोटा मायक होता आणि तो दिवूच्या पाळण्याला बांधलेला असे.

गेल्या श्रावणात गौरजा हेडफोन लावून वाजवत बसली होती. दिवूला ताप होता, पण औषध घेऊन ती निजली होती. मग गौरजाच्या खांद्यावर ओला हात पडला. मागे सावित्रीबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या कडेवर डोळे फिरवलेली, ताठ झालेली दिवू. तापाची आकडी. देवगडला पोचेपर्यंत पोर सावध झालं. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात होतं असं काहींना, घाबरू नका, ताप तेवढा चढू देऊ नका. सासूबाईंनी त्यावर पुढे एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं गौरजाला अजून वाटे. नवरा, मिहीर, गोव्यात कारखान्यात शिफ्टला. तो फोनवर म्हणाला, झालं गेलं सोड. ते तिला सुटलं नाही. वाजवणं सुटलं. दोन महिन्यांनी ती पुन्हा बसली ती हा मायक लावूनच. कानात तीन कीबोर्ड आणि त्यांच्या तळाशी दिवूचा श्वास.

आणि आता कुडाळच्या किशोरीताईंचा फोन आला होता. त्यांचा भक्तिगीतांचा कार्यक्रम गावोगाव व्हायचा. पेटीवाले काका मुलीकडे पुण्याला कायमचे गेले, तेव्हा पेटी, बासरी, तंबोरा सगळं एकटीने सांभाळणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळात संध्याकाळचा कार्यक्रम आहे, तिथे जमलं तर पुढचा सगळा हंगाम तूच वाजव, असं त्या म्हणाल्या. एकच अट होती.

“पोर घेऊन ये, माझी ना नाही. पण मंचावर बसलीस की तू आमची. मध्ये उठायचं नाही.”

आधीचा एक कीबोर्डवाला फोन घ्यायला मधूनच उठून जायचा म्हणे. गौरजा हो म्हणाली. हे गेलं तर आपल्याला पुन्हा कुणी विचारणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

तबलजी विनीत आपली ओम्नी घेऊन आला. मागे कीबोर्ड, मध्ये सावित्रीबाई, त्यांच्या मांडीवर दिवू, आणि गौरजाच्या पायाशी वायरींची पिशवी. वाटेत तिने दिवूच्या कपाळाला इतक्यांदा हात लावला की सासूबाई म्हणाल्या, गरम झालाच तर तुझ्या हातानच होतला.

वालावलला पोचल्यावर तिने सभामंडपात स्टँड उभा केला. घरची मांडणी आणि मंचावरची मांडणी एकच नसते. घरी सगळं आपल्या कानात येतं; इथे ते देवळाच्या स्पीकरला जायचं होतं. लाल, गुलाबी, जांभळा, तिन्ही ठिपके आपापल्या जागी बसले. मग तिने चौथी वायर काढली. मंडपाच्या बाजूला ओवरीत एक खोली होती, तिथे सासूबाईंनी चादर घातली होती. वायर खांबाच्या कडेने, चिकटपट्टी लावत लावत, थेट खोलीपर्यंत नेली. मिक्सरवर चार नंबरचा बाहेर जाणारा आवाज शून्यावर ठेवला आणि फक्त हेडफोनमध्ये ऐकू येईल असं बटण दाबलं. विनीत बघत होता. म्हणाला, चार नंबरला कोण गातंय? गौरजा म्हणाली, आमची दिवू, पण तिचा आवाज लोकांना नाही द्यायचा. तो हसला. तिला हसायला जमलं नाही. हसायला जेवढं लागतं तेवढंही अंगात उरलं नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मागच्या तळ्यावर ऊन उतरत होतं. पहिली तीन गाणी बरी गेली. डावा हात खालच्या कीबोर्डवर, उजवा वरच्या, आणि डोक्यातला एक कोपरा चार नंबरवर. खोलीतल्या पंख्याची घरघर येत होती. दिवू कुरकुरत होती, सासूबाई काहीतरी गुणगुणत होत्या. एका ठिकाणी बासरीऐवजी सनई लागली, ती तिने लगेच बदलली. किशोरीताईंनी मान वळवून पाहिलं, एवढंच.

चौथ्या गाण्याआधी ताईंनी आलाप घेतला. तबला थांबलेला. छोट्या सिंथवर षड्ज धरून गौरजा नुसती बसून होती, आणि तेवढ्यात हेडफोनमध्ये टक् असा आवाज झाला.

पंखा गेला. कुरकुर गेली. चार नंबरवर काहीच उरलं नाही.

तिने चार नंबरची आवाजाची खुंटी बघितली, वायर बघितली. सगळं जागच्या जागी. म्हणजे बिघाड खोलीत होता, किंवा खोलीत आणखी काही होतं. बॅटरी संपली असेल. वायर उपटली असेल. दिवूने ती तोंडात घातली असेल. ताप चढला असेल आणि सासूबाई पोराला घेऊन धावल्या असतील, आणि इथे कुणी सांगायला आलं नसेल, कारण ती मंचावर होती. श्रावणातला तो ओला हात तिला खांद्यावर पुन्हा जाणवला. समोर माणसं शांत बसली होती. किशोरीताई डोळे मिटून गात होत्या.

गौरजाने ‘होल्ड’ दाबलं. हात काढला. सूर राहिला.

तिने हेडफोन मिक्सरवर ठेवले, विनीतला बोटाने खूण केली, आणि खांबामागून उठून गेली.

खोलीत अर्धवट अंधार होता. सावित्रीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि दिवू त्यांच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपली होती. मायक चादरीवर उपडा पडलेला. गौरजाने वाकून दिवूच्या मानेला हात लावला. गार होती.

“मायक कोणी बंद केला?” तिने कुजबुजत विचारलं.

“मी केलंय. चेडू त्या लाल दिव्याकडे टकामका बघीत रवला, डोळो मिटीना. म्हणान बंद केलंय.”

“आई, मला वाटलं…”

सावित्रीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग दिवूच्या अंगावरचा पदर सारखा करत अगदी हळू म्हणाल्या, “तेवाय मीच आसलंय गो. आताय मीच आसंय. माका कान नाय काय?”

श्रावणातला विषय त्यांनी काढला तो असा, इतक्या महिन्यांनी, तेव्हाही मीच होते म्हणत, आणि तोही टोमणा म्हणून नव्हे. गौरजाला तिथेच त्या चादरीवर आडवं व्हावंसं वाटलं. बाहेर तिचा सूर चालू होता. ती मागे फिरली.

ती बसली तेव्हा आलाप संपत आला होता. तिने पट्टीवर बोट ठेवलं, होल्ड काढलं, गाणं सुरू झालं. उरलेला कार्यक्रम तिने कानात काही न घालता वाजवला. फार चांगला नाही, पण चुकलाही नाही.

ती वायरी गुंडाळत असताना किशोरीताई जवळ आल्या. गौरजाने मान वर केली नाही.

“उठलीस ना?”

“हो.”

“मला कळलं. मागून तुझ्या बांगड्यांचा आवाज येईना. सूर होता म्हणून निभावलं. पुढच्या खेपेला तो बटणाचा सूर लावायचा असेल तर आधी सांग. मी आलाप लांबवीन.”

पुढची खेप आहे, हे गौरजाच्या लक्षात आलं तोवर त्या विनीतशी बोलायला गेल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा माजघरात स्टँड उभा केला. लाल, गुलाबी, जांभळा. चौथी वायर तिने हातात घेतली. मग नेलपॉलिशची जांभळी बाटली उघडली आणि मायकच्या लाल दिव्यावर एक जाड थर दिला, तो वाळल्यावर दुसरा. मायक पुन्हा पाळण्याला बांधला. सावित्रीबाई दारातून बघत होत्या.

दिवू निजली. गौरजाने हेडफोन लावले, छोट्या सिंथवर एक सूर धरला आणि बसल्या बसल्याच तिचे डोळे मिटायला लागले. सुराच्या तळाशी पंखा होता, श्वास होता. मग पाळण्यापाशी काहीतरी खुडबुडलं आणि सासूबाईंचा आवाज अगदी कानाशी आला. मायकला तोंड लावूनच बोलत असाव्यात.

“गौरजा गो, आयकतंस मां? पेज निवली. जेव आणि नीज जरा. मी आसंय हय.”