कोरडवाडीला काहीही न देण्याचा प्रयोग

निष्कर्ष असा निघाला: बिलोली तालुक्यातल्या ज्या गावाला परदेशी मदत मिळाली ते अंधारात बसलं, ज्याला काहीच मिळालं नाही ते उजळून निघालं, आणि त्यावरून एका थंड, श्रीमंत देशाने ठरवलं की गरिबांना काहीही न देणं हीच सगळ्यात परिणामकारक मदत आहे.

तर असं काही अजून झालेलं नाही, ते पुढे होणार आहे. सध्या एवढंच झालंय की रुद्रेशला नोकरी लागली आहे.

रुद्रेश औशाचा. नांदेडला अर्थशास्त्रात एम.ए. केलं, मग तिथेच एका संस्थेत 'क्षेत्र समन्वयक' म्हणून चिकटला. क्षेत्र समन्वयक म्हणजे गाडी स्वतःची, पेट्रोल संस्थेचं आणि बोलणी दोन्हीकडची.

संस्थेला पैसा यायचा तो वर उल्लेख केलेल्या थंड देशातून. त्या देशात अर्धं वर्ष सूर्य धड उगवत नाही, त्यामुळे मराठवाड्यातल्या अंधाराचा विचार आला की तिथल्या लोकांच्या घशाखाली घास उतरत नसे. त्यांनी सोलर दिवे द्यायचं ठरवलं. पण हल्ली नुसतं देऊन चालत नाही. पूर्वी लोक दान करून विसरून जायचे. आता दान करून मोजावं लागतं. कारण विद्वानांत दोन तट आहेत. एक म्हणतो, मदतीने माणूस उभा राहतो. दुसरा म्हणतो, मदतीने माणूस बसतो तो उठतच नाही. हा वाद मोठमोठ्या हॉटेलांत वर्षानुवर्षं चालू आहे आणि तो चालू ठेवायला दोन्ही तटांना मदत मिळते. त्या मदतीच्या परिणामकारकतेबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे.

या वादाचा निकाल लावायला त्या थंड देशातल्या प्रोफेसर एकलुंड यांनी कॉम्प्युटरला अगदी एकसारखी दोन गावं शोधायला सांगितली. एकात घरटी दिवा द्यायचा, दुसऱ्यात काहीच द्यायचं नाही, आणि दोन वर्षांनी फरक बघायचा. कॉम्प्युटरने पिंपळढव आणि कोरडवाडी ही जोडी काढली. जमीन सारखी, पाऊस सारखा, विहिरी सारख्या आटलेल्या. मास्तर न येण्याचे वारसुद्धा सारखे. इतकी जुळणारी जोडी आपण उभ्या आयुष्यात पाहिली नाही, असं प्रोफेसरांनी कळवलं. इथे कुणीतरी विचारायला हवं होतं की बाबा, ही एवढी जुळलीच कशी? पण विचारण्याचं काम फॉर्ममध्ये होतं आणि फॉर्ममध्ये हा प्रश्न नव्हता.

पिंपळढवला दिवे मिळाले. कोरडवाडीला रुद्रेश मिळाला. दर तीन महिन्यांनी तो जायचा आणि विचारायचा, की काही न मिळाल्याने तुमच्या आयुष्यात काय बदल झाला?

"काय साहेब, ह्या बारीला बी काही न्हाई?" शेषेराव विचारायचा. हा कोरडवाडीचा माजी उपसरपंच. पद गेलं होतं, पण खुर्ची त्याने घरी नेली होती.

"नाही."

"लिहून घ्या मंग. सरकारचं कधी येतं, कधी येत न्हाई. तुमचं बरंय. काही न्हाई ते काही न्हाई, पण येळेवर."

आता यात रुद्रेशचा जीव का गुंतला होता, तर उदगीरमुळे. उदगीरला गुंडप्पा नावाचे डाळीचे व्यापारी. त्यांची अक्षरा लातूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. एका चुलतभावाच्या लग्नात दोघांची गाठ पडली, जमलं, घरच्यांनाही पटलं. वीरशैव घरं, ओळखीपाळखी, सगळं ठीक. फक्त गुंडप्पांची एक अट.

"पोरगं चांगलं हाय," ते म्हणाले. "पण पर्मनंट हाय का?"

रुद्रेशने नांदेडच्या ऑफिसात विशाखा मॅडमना विचारलं. त्या प्रकल्पप्रमुख. "दोन गावांत फरक दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या. "फरक दिसला की दुसरा टप्पा मंजूर. दुसरा टप्पा आला की तू पर्मनंट."

म्हणजे रुद्रेशचं लग्न दोन गावांमधल्या फरकावर लटकलं. पहिल्या वर्षी फरक छान दिसला. पिंपळढवची पोरं दिव्याखाली पाढे घोकायची, बाया पापड लाटायच्या. कोरडवाडीत दिवस मावळला की खुशाल काळोख. रुद्रेश गावाबाहेर गाडी थांबवून तो काळोख डोळे भरून बघायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याला तिथे मांडव दिसायचा.

"झाला का फरक?" अक्षरा फोनवर विचारायची.

"झालाय. कोरडवाडीचं लई वाईट चाललंय."

"देव पावला," ती म्हणायची. मग दोघंही घाईने विषय बदलायची, कारण दोघांनाही शाळेत मूल्यशिक्षण होतं.

दुसऱ्या वर्षी अधिक महिना आला. अधिक महिना येतो तसा येतो आणि जातो. रुद्रेशने त्याची दखल घेतली नाही. त्याच्या घरी या महिन्याचं फारसं प्रस्थ नव्हतं आणि तो कुणाचा जावई नव्हता. प्रोफेसर एकलुंड तर त्या महिन्यात सुट्टीवर होते.

महिना संपला, शेवटच्या पाहणीची वेळ आली. रुद्रेश दिवेलागणीला पिंपळढवच्या वेशीवर पोचला आणि त्याला वाटलं, आपण चुकून कोरडवाडीला आलो. सगळं गाव काळंमिट्ट. तो चाचपडत कस्तुराबाईंच्या दारात गेला. या बाई गावातल्या पहिल्या लाभार्थी. यांचा दिव्यासकट फोटो त्या थंड देशात पोस्टरवर लागला होता.

"मावशी, दिवा कुठंय?"

"कोणता रं?"

"आम्ही दिलेला!"

"त्यो व्हय? त्यो दान केला की."

रुद्रेश उंबऱ्यावरच बसला. "दान? कुणाला?"

"आता जावयाला! अधिकात दुसऱ्या कुणाला करत्यात? धोंडे खाऊ घातले, अनारसे दिले आन् दिव्याचं दान केलं. असं दारी आलेलं पुण्य सोडावं व्हय?"

"पण पितळेचा दिवा द्यायचा असतो ना?"

"पितळंचा भाव बघितलास का? आन् तुमचा दिवा काय वाईट हाय? वारं लागलं तरी इझत न्हाई, तेल लागत न्हाई. भटजीला इचारलं. त्ये म्हनले, सूर्यनारायणानं पेटलेला हाय, ह्याच्यापरीस शुद्ध दिवा कोनता?"

"सगळ्या गावाने दिले?"

"मी दिला म्हनल्यावर शेजारची गप बसंल का? तिच्या जावयानं तोंड वाकडं केलं असतं."

"आणि ज्यांना मुलीच नाहीत त्यांनी?"

"पुतणीच्या नवऱ्याला. पुण्य कुनाला नगं हाय?"

रुद्रेशचा पुढचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. त्याने तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने विचारला. "मावशी, तुमच्या गावच्या लेकी दिल्यात कुठं?"

"कुठं म्हंजी? कोरडवाडीला. आज्यापंज्यापासून. आमी द्याच्या, त्येनी घ्याच्या. उलटं चालत न्हाई."

तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला, जो त्या गावात तेवढाच होता. ती दोन गावं एकसारखी होती कारण ती नीट दोन गावं नव्हतीच. एक सासर होतं आणि दुसरं माहेर. पेरणी एकमेकांना विचारून, बियाणं एकमेकांचं, आणि मास्तर न येण्याचे वार सारखे, कारण दोन्हीकडे मास्तर एकच.

तो तसाच कोरडवाडीला गेला. लांबूनच गाव यात्रेसारखं दिसत होतं. पोरं दिव्याखाली पाढे घोकत होती, बाया पापड लाटत होत्या, किराणा दुकान उघडं होतं. शेषेराव त्या उपसरपंचाच्या खुर्चीत बसला होता आणि डोक्यावर पोस्टरवरचा दिवा टांगला होता. कस्तुराबाई त्याची सासू.

"या साहेब! लिहून घ्या. अजून बी काही न्हाई मिळालं तुमच्याकडनं," तो आनंदाने म्हणाला.

"शेषेराव, हे दिवे परत द्या. निदान पाहणीपुरते. आठवडाभर."

"दान दिल्यालं परत?" शेषेरावाने कानाला हात लावले. "सासूला काय सांगू? आन् साहेब, दिवा गेला तर त्याच्या मागनं बायको बी जाईल. तुमच्या फार्मात हाय का रकाना, बायको गेली म्हणून?"

"माझं लग्न अडलंय हो याच्यावर."

"तुमचं बी?" शेषेराव हळहळला. त्याने आत आवाज देऊन चहा सांगितला. "मंग लवकर करा. पुढचा अधिक तीन वर्षांनी हाय. तवर जावई व्हा. तुमाला बी येक दिवा लागंल हाताला."

दुसऱ्या दिवशी रुद्रेशने विशाखा मॅडमना सगळं खरं सांगितलं. लपवावंसं त्याला वाटलं होतं, पण एवढे दिवे लपवायचे कुठे?

मॅडमनी डोळे मिटून घेतले. "रुद्रेश, तुला फरक दिसला का?"

"दिसला. पण उलटा."

"उलटा की सुलटा, असं मी म्हणाले होते का? फरक दिसला पाहिजे, एवढंच म्हणाले होते. भरून टाक."

आकडे गेले. त्या थंड देशात खळबळ उडाली. प्रोफेसर एकलुंड स्वतः नांदेडला आले आणि एका हॉटेलच्या हॉलमध्ये परिषद भरली. बाहेर बेचाळीस डिग्री, आत स्वेटर घालावं असा एसी. मदत-नको तटाचे विद्वान म्हणाले, बघा, मदत मिळाली ते गाव अंधारात गेलं. मदत-हवी तटाचे विद्वान म्हणाले, बघा, कोरडवाडीला किती प्रेमाने प्रश्न विचारले गेले. ही मदतच झाली. जेवणाआधी दोन्ही तटांना आपण जिंकल्याचं समजलं होतं.

शेवटी प्रोफेसर उठले. काहीही न देणं हा स्वस्त, टिकाऊ आणि कुठेही नेता येण्याजोगा उपाय आहे, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. रुद्रेशला राहवेना. तो मागच्या रांगेतून उभा राहिला.

"सर, कोरडवाडीला काहीच मिळालं नाही असं नाही. पिंपळढवचे सगळे दिवे तिकडे गेले. अधिक महिना होता. जावयांना दान दिले."

दुभाष्याने भाषांतर केलं. प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ही जावई नावाची संस्था," त्यांनी विचारलं, "नोंदणीकृत आहे का?"

"नाही, सर."

"मग आम्हाला तिची दखल घेता येणार नाही."

दुसरा टप्पा मंजूर झाला. बारा गावांना काहीही देण्यात येणार नव्हतं. विशाखा मॅडमनी रुद्रेशच्या हातात नेमणुकीचं पत्र ठेवलं. पर्मनंट. त्याने तिथेच अक्षराला फोन लावला, ती रडली. मग त्याने पत्राचा दुसरा परिच्छेद वाचला.

थंड देशाची माणसं तत्त्वाला पक्की होती. जे गावांना लागू ते स्वतःलाही. त्यामुळे पर्मनंट कर्मचाऱ्यांचेही दोन गट केले होते. एका गटाला पगार, दुसऱ्याला काहीही नाही, आणि कुणाची प्रगती जास्त होते ते दोन वर्षांनी बघायचं. चिठ्ठ्या टाकल्या होत्या. रुद्रेशची दुसऱ्या गटात निघाली होती.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याकडूनच जास्त अपेक्षा आहेत."

तो रविवारी उदगीरला गेला. गुंडप्पांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांनी जन्मभर डाळ पारखली होती. खडा कुठे आहे ते त्यांना लगेच दिसलं.

"पर्मनंट हाय."

"हो."

"पगार न्हाई."

"तो कंट्रोल गट आहे, अप्पा. विज्ञान आहे."

"असू दे की. विज्ञानाला मी न्हाई म्हणत न्हाई." गुंडप्पांनी पत्राची घडी केली. "मंग आपण बी विज्ञानानंच जाऊ. दोन वर्षं पोरगी देत न्हाई. बघू तुमची प्रगती कशी हुतीय."

"आणि झाली तर?"

"झाली तर पोरीवाचून चांगलं चाललंय म्हणायचं. कशाला देऊ?"

"आणि नाही झाली तर?"

"न्हाई झाली तर अशा घरात पोरगी कशी देऊ?"

संख्याशास्त्रात रुद्रेशला पासष्ट मार्क होते, पण असं काही पेपरात आलं नव्हतं.

अक्षरा चहा घेऊन आली. कप ठेवताना तिने बापाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "मला कोणत्या गटात टाकलंय?" तिने विचारलं. "मी दोन वर्षं काय करायचं? लोकांचं रक्त तपासत म्हातारी होऊ?"

"तुझा फॉर्म नाही अजून," रुद्रेश कसंबसं म्हणाला.

"मग अर्ज कर. तुझ्या संस्थेत बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. लिहिलेलं निदान फाइलला तरी लागतं."

ते तिचं म्हणणं खरं होतं. संस्थेचं पेट्रोलही आता बंद होतं, म्हणून बसने औशाला जाताना तो लातूरला गाडी बदलायला उतरला आणि बसस्थानकाच्या बाकावर बसून त्याने अर्ज लिहिला. एक प्रत संस्थेला, एक थंड देशाला, एक गुंडप्पांना माहितीस्तव:

"विषय: अभ्यासकाळात वय स्थगित ठेवणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, अर्जदार हा आपल्या संस्थेत पर्मनंट असून त्यास काहीही न देण्याचा प्रयोग सुरू आहे. सदर प्रयोगास अर्जदाराची हरकत नाही. तथापि प्रयोगाचा कालावधी दोन वर्षे असून त्या काळात अर्जदाराचे व कु. अक्षरा गुंडप्पा यांचे वय वाढत राहिल्यास दोन्ही बाजूंची तुलना समान राहणार नाही व निष्कर्ष दूषित होतील. तरी अंतिम अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत उभयतांची वये आज आहेत त्याच ठिकाणी स्थगित ठेवण्यात यावीत, तसे आदेश संबंधित विभागास देण्यात यावेत, व सदर विभाग कोणता हे अर्जदारास टपालाने कळविण्यात यावे, ही नम्र विनंती."